खटका चालू आहे तोवर

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि जालना जिल्ह्यातले फोटोग्राफर जागे होतात. पुढचे चार महिने लग्नाची तीथ नाही, ऑर्डर नाही, मिक्सिंगची घाई नाही. उन्हाळ्यातल्या अल्बमचे राहिलेले पैसे मागायला जावं तर पार्टी पेरणी दाखवते. हाताला काम नाही आणि मोबाइलला रोजचा डेटा आहे, असा योग जुळला की गांधी चमनजवळच्या टपरीवर अर्ध्या चहाबरोबर एकच विषय निघतो : यंदा बॉडी बदलायची का?

लेन्स काढून ठेवल्यावर जो कॅमेरा उरतो त्याला या धंद्यात बॉडी म्हणतात. टपरीवर प्रत्येकाचं तिच्याबद्दल स्वतंत्र मत असतं आणि ते यूट्यूबवरच्या कुणाचं तरी असतं. तो यूट्यूबवाला नॉर्वेतल्या कुठल्याशा डोंगरावर, मावळतीच्या उन्हात, एकाच मुलीचे दिवसभर फोटो काढतो आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने सांगतो, की जुन्या बॉडीत सावलीतले तपशील जरा कमी येतात. घनसावंगी तालुक्यात पत्र्याच्या मांडवाखाली, जांभळ्या एलईडीच्या उजेडात, 'मामा, जरा बाजूला सरका' असं ओरडत फोटो काढणाऱ्या माणसाला सावलीतले तपशील ही आपली अडचण आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. पण एकदा कळलं की झोप लागत नाही.

जुन्या लोकांना हा आजार नव्हता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, त्या काळातल्या स्टुडिओत याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा असे. कमरेशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, आणि बारा फोटो झाले की रोल संपला. असा कॅमेरा एकदा घेतला की बापाकडून मुलाकडे जाई आणि मुलगाही तक्रार करत नसे. कारण फोटो उमटायचा तो फिल्मवर, आणि फिल्म दर बारा फोटोंना नवी. कंपनीने जरा बरी फिल्म काढली की वीस वर्षांचा कॅमेरासुद्धा त्या दिवसापासून बरे फोटो काढू लागे. डिजिटल आल्यावर फिल्मच्या जागी सेन्सर आला आणि तो बॉडीच्या पोटात कायमचा जाऊन बसला. आता फिल्म जुनी वाटली तर अख्खा कॅमेराच बदलायचा. ही सोय कुणी धंदा डोळ्यांपुढे ठेवून केली असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं, फोटो काळा-पांढरा आणि ०.०१ मेगापिक्सेलचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. फिल्म विकून पोट भरणाऱ्या कोडॅकने तो बाजूला ठेवून दिला.

आणखी मागे जायचं तर जालना निजामाच्या राज्यात होतं, आणि सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ फोटो काढत होते. लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि बरोबर हमालांची फौज. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. देण्याआधी शटर काउंट विचारल्याची नोंद नाही.

आज मात्र पहिला प्रश्न तोच. कॅमेऱ्याने आजवर किती खटके मारले, याचा हा आकडा. कॅननच्या सिक्स डीच्या शटरची चाचणी कंपनीने एक लाख खटक्यांची सांगितलेली, फाइव्ह डी मार्क थ्री आणि निकॉन डी ७५० यांची दीड लाखाची. आता हळद, लग्न आणि वरात धरून एका ऑर्डरला तीन हजार खटके धरले, तर दीड लाखाची बॉडी पन्नास लग्नांत आयुष्य संपवते. हा हिशेब टपरीवर कुणीतरी पेनाने मांडतो आणि सगळे आपापल्या कॅमेऱ्याकडे दवाखान्यात भेटायला आल्यासारखे बघू लागतात. वास्तविक हा आकडा म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. अडीच लाख खटके मारून अजून अक्षता टिपणाऱ्या बॉड्या आहेत आणि सत्तर हजारांत ऐन 'सावधान'ला दगा देणाऱ्याही. शिवाय शटर गेलं तर नवं शटर बसवून मिळतं आणि त्याला नव्या बॉडीच्या मानाने फारच थोडे पैसे पडतात. ही माहिती टपरीवर सगळ्यांना असते. ती कुणी बोलून दाखवत नाही, कारण मग विषय संपतो.

सेकंडहँडच्या बाजारात या आकड्याला खरा रंग चढतो. जशी जुनी मोटार नेहमी डॉक्टरांनीच वापरलेली असते, तसा जुना कॅमेरा नेहमी पुण्याच्या हौशी माणसाचा असतो. 'ट्रिपला वापरला भाऊ, बाकी कपाटातच होता. बिल-बॉक्स सगळं आहे.' निकॉनचा कॅमेरा आपला काउंट प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यामुळे एक फोटो मागवला की खरं-खोटं दोन मिनिटांत कळतं. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, वायर लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. म्हणून निकॉन विकणाऱ्याला खरं बोलावं लागतं आणि कॅनन विकणाऱ्यासमोर पर्याय असतो. कपाटात राहिलेल्या त्या कॅमेऱ्याच्या रबरी ग्रिपमध्ये हळद सापडते ती वेगळीच.

दुसरा आकडा मेगापिक्सेलचा. इथे वाद घालणाऱ्यांनी एकच गोष्ट बघावी. सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेला कॅननचा सिक्स डी २०.२ मेगापिक्सेलचा. २०२० मध्ये आलेला, त्याच्या कितीतरी पट मिरवलेला आर सिक्स २०.१ मेगापिक्सेलचा. आठ वर्षांत ०.१ ने घट झाली आणि जगातल्या फोटोग्राफरांनी टाळ्या वाजवल्या, कारण मधल्या काळात कंपनीलाही कळलं होतं की गोम तिथे नाही. लग्नाचा अल्बम म्हणजे आपला बारा बाय छत्तीस इंची करिज्मा. त्याचं एक पान बारा बाय अठराचं. इंचाला ३०० ठिपके धरले तर पूर्ण पानभर फोटोला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात, २०० धरले तर साडेआठात भागतं. पण पूर्ण पानभर फोटो असतात किती? दोनतीन. बाकी पानांवर नवरा-नवरी बदामाच्या, ढगाच्या, फुलपाखराच्या आकारात कापून, हंसांच्या जोडीशेजारी चिकटवलेले असतात. एका फुलपाखराला दोन मेगापिक्सेल रग्गड झाले. आणि हा अल्बम गोदरेजच्या कपाटात जातो. जगाला दिसतो तो व्हॉट्सअॅपवरचा फोटो, जो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर आक्रसून जेमतेम दोन मेगापिक्सेलचा होतो. हे सगळं मान्य करून टपरीवरचा एक जण शेवटी विचारतोच, 'पण चोवीसवाला बरा ना?'

राहिला फ्लेक्स. जालन्याची महापालिका २०२३ मध्ये झाली आणि भावी नगरसेवकांचं पीक जोमात आलं. पण वीस फुटी फ्लेक्स चौकाच्या पलीकडून बघायचा असतो, त्यामुळे त्याला इंचामागे वीस-तीस ठिपकेसुद्धा चालून जातात. त्यावरचा चेहरा एवढा गोरा केलेला असतो की सावलीतले तपशील उरण्याचा प्रश्नच येत नाही.

मग जुन्या बॉडीत खोट नाहीच का? आहे, आणि ती खरी आहे. पण ती नॉर्वेत दिसत नाही, मांडवात दिसते.

आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. शटर वेगात ठेवलं की एका फोटोत नवरी उजळ, पुढच्यात तपकिरी, तिसऱ्यात अर्धी-अर्धी. कॅननने हे ओळखून योग्य क्षणी खटका मारण्याची सोय पहिल्यांदा २०१४ च्या सेव्हन डी मार्क टूमध्ये दिली. त्याआधीच्या बॉडीला दिवा कसा वागतो याची खबर नसते. दुसरं फोकसचं. सिक्स डीला फोकसचे बिंदू अकरा आणि त्यांत भरवशाचा एकच, मधला. आर सिक्स १,०५३ जागांतून आपली आपण निवड करतो आणि माणसाचा डोळा शोधतो. लग्नात मात्र नवरदेवाच्या डोळ्यांवर गॉगल, गॉगलवर मुंडावळ्या आणि मुंडावळ्यांवर फेट्याचा तुरा. अशा वेळी हुशार कॅमेरा मागच्या रांगेतला, जेवणाची पंगत कधी बसते याकडे लागलेला, काकांचा उघडा डोळा अचूक पकडतो. अकरा बिंदूंच्या कॅमेऱ्याने एवढी हुशारी कधी केली नव्हती.

व्हिडिओचं गाऱ्हाणं जुनं आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्हिडिओ पहिल्यांदा आला तो निकॉन डी ९० मध्ये, ऑगस्ट २००८ ला. आणि एचडी शूटिंग एका दमात पाच मिनिटं. पाच मिनिटांत आपल्याकडे हळदीच्या नाचात डीजेवाला फक्त 'आवाज येतोय का' एवढं विचारून होतो. पुढच्या बहुतेक बॉड्या २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबू लागल्या, त्याचं कारण युरोपात आहे. तिथे सलग अर्धा तास चित्रण करणारं यंत्र जकातीच्या खात्यात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर पडे. म्हणजे भोकरदन तालुक्यात आमदारसाहेबांचा सत्कार, मग सभापतींचा सत्कार, मग उपस्थित मान्यवरांचा सत्कार चालू असताना कॅमेरा मध्येच बंद पडतो, तो युरोपचा कर वाचवण्यासाठी. सत्कारांत नवरा-नवरी कुठे असतात ते शूटिंगवरूनही कळत नाही, तेव्हा नुकसान फार होतं असं नाही.

ज्यांनी धाडस करून मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घेतला त्यांची वेगळीच पंचाईत झाली. हा कॅमेरा आवाज न करता फोटो काढू शकतो. जाहिरातीत ही मोठी खुबी. पण गावाकडची आजी फोटोला उभी राहिली की पदर नीट करते, श्वास रोखते आणि खटका ऐकू येईपर्यंत सोडत नाही. खटका आलाच नाही. आजी तशीच ताठ. 'काढला आजी.' 'काहून खोटं बोलतो रे? वाजला कुठं?' शेवटी आवाज चालू करावा लागतो. आणि गंमत अशी, की बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीच्या उजेडात पट्टे जास्तच उमटवतं. म्हणजे तांत्रिक बाजूनेही आजीच बरोबर.

आकाराचीही अडचण आहेच. मिररलेसची बॉडी लहान. पार्टीच्या डोळ्यांत ती भरत नाही. 'एवढुसा कॅमेरा? आमच्या पोराचा मोबाइल ह्याच्याहून मोठा है.' मग तिच्याखाली बॅटरी ग्रिप लावून तिला पुन्हा जुन्या कॅमेऱ्याएवढी करतात. वजन कमी करायला जपानी इंजिनिअरांनी वर्षं घातली, ते जालन्यात एका स्क्रूत भरून निघतं.

पैशांचा विषय निघाला की टपरीवर रुपयांत नाही, क्विंटलात बोलतात. कारण पार्टी शेतकरी, आणि फोटोवाल्याचे पैसे सोयाबीन, कापूस नाहीतर मोसंबीच्या पायांनी चालत येतात. धरू दोन लाखांची बॉडी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, म्हणजे बॉडी ४१ क्विंटलांची. बरं पिकलं तर सहासात एकरांचं पीक. हेही हमीभावाने, त्या हंगामात बाजारात हमीभाव मिळेना, तेव्हा बॉडी बसल्या जागी आणखी जड झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं आणि हीच बॉडी वीस क्विंटलांत बसत होती. पण तेव्हा नवं पीक शेतात उभं होतं, शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन नव्हतं आणि कोरोनाने फोटोग्राफरच्या डायरीत ऑर्डर नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे मान्य करायला हवं. पण उतरलेला कर आणि वाढलेली किंमत यांची गाठ कधी पडली, हे गिऱ्हाइकाला कळलं नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. जगभर डिजिटल कॅमेरे २०१० मध्ये बारा कोटींच्या वर रवाना झाले होते. २०२३ मध्ये ऐंशी लाखही नाहीत. बाकीचे मोबाइलने खाल्ले. उरल्या गिऱ्हाइकाने दर दोन वर्षांनी अस्वस्थ व्हावं, ही आता कंपन्यांची गरज आहे. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनी लेन्स बसवायची खाचच नवी काढली. जुन्या लेन्स अॅडॉप्टर लावून चालतात. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर बसतात, काम करतात. तरी 'बसते हो, पण नवी काच ती नवी काच' असं कुणीतरी हळूच म्हणतं. बॉडीमागे चोवीस-सत्तरची लेन्स येते, तिच्यामागे सत्तर-दोनशे, मग कार्ड, मग त्या फायली उघडेनाशा झाल्या म्हणून कॉम्प्युटर. जुनं तेच राहिलेलं एकच आठवतं. २००८ मध्ये फाइव्ह डी मार्क टूबरोबर आलेली एलपी-ई सिक्स बॅटरी आर सिक्समध्येही चालते. त्यामुळे 'आपलं बॅटरीचं सामान वाया जाणार नाही' हे दोन लाख खर्चण्याचं कारण म्हणून घरात सांगता येतं. सांगणारे आहेतही.

खरेदीचा मुहूर्त रेल्वे ठरवते. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटरवर आहे, पण खरा भाव मुंबईच्या बोराबाजारात, ही श्रद्धा. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. जालन्याहून पहाटे ५.०५ ला निघायची, ११.५५ ला सीएसएमटी, आणि तिथून १.१० ला परत. हातात सव्वा तास. चालत बोराबाजार गाठायचा, बॉडी हातात घ्यायची, घासाघीस करायची, 'घरी विचारून सांगतो' म्हणायला वेळच नाही. माणसाला निर्णयाला भाग पाडणारं इतकं नेमकं वेळापत्रक रेल्वेने दुसरं केलं नसेल. ऑगस्ट २०२५ मध्ये ही गाडी नांदेडपर्यंत वाढवली. आता ती जालन्याला सकाळी सातनंतर येते आणि मुंबईला अडीचच्या सुमारास पोहोचते. परतीची मात्र १.१० लाच सुटते. गिऱ्हाईक उतरायच्या आधीच त्याची परतीची गाडी निघून गेलेली. मुक्काम आला, आणि मुक्कामात विचार आला. बोराबाजारपर्यंत गेलेले काही कॅमेरे त्यानंतर विचारातच राहिले.

घाणेवाडीच्या निजामकालीन तलावावर हिवाळ्यात भल्या पहाटे दिसणारी मंडळी निराळी. हे हौशी. कुणी प्राध्यापक, कुणी बियाण्यांच्या कंपनीत साहेब. यांना तीथ नाही, पार्टी नाही, सोयाबीनचा भाव नाही. म्हणून यांचा निर्णय अधिक अवघड. जुन्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर ६०० ची लेन्स ९०० सारखी दिसते. मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवर गेलं की तोच बगळा तेवढ्याच पैशांत लांब जातो. मग जास्त मेगापिक्सेलची फुलफ्रेम घेऊन तो घरी कापून जवळ आणायचा. दोन लाख घालून पक्षी होता तिथे परत आणणं, याला छंद म्हणतात.

आणि समजा, कुणी बदललीच बॉडी, तर जुनीचं काय होतं? भट्ट्यांत भंगार वितळवून देशभर सळया पाठवणारं हे गाव, पण कॅमेरा इथे भंगारात जात नाही. तो परतूरला किंवा मंठ्याला, हाताखालून निघून स्वतःचा स्टुडिओ टाकणाऱ्या पोराकडे जातो. तिथे चार सीझन काढून पुढे गावच्या सेवा केंद्रात, निळ्या पडद्यासमोर तिकाटण्यावर बसतो. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा. ३०० ठिपक्यांनी छापायला सव्वादोन लाख पिक्सेल भरपूर झाले. बारा मेगापिक्सेलच्या डी ९० कडे ते पन्नासपट आहेत. वर अर्ज म्हणतो, फोटो ५० केबीच्या आत हवा. पंधरा वर्षांच्या या बॉडीला तिथे कुणी जुनी म्हणत नाही, उलट ती गरजेपेक्षा जास्तच ठरते.

बदलणं परवडत नाही आणि न बदलणं शोभत नाही, यावर गेल्या काही सीझनांत एक तोडगा निघाला आहे. जुन्या बॉडीवरच्या मॉडेलच्या आकड्यावर काळी टेप. सुटलेल्या ग्रिपला आतून फेव्हिबाँड. खाली बॅटरी ग्रिप. आणि गळ्यात नव्या मॉडेलचं नाव ठळक विणलेला, ऑनलाइन मागवलेला पट्टा. असा सजून फोटोग्राफर तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरीला उभा राहतो. नवरीचे मामा पट्टा वाचतात.

'नवीन घेतला वाटतं?'

'हो मामा.'

'म्हणजे रेट वाढला असंल यंदा.'

'वाढवावाच लागला मामा. हप्ते है ना.'